तेलातले तीर्थ

बापूरावांचा फोन आला तेव्हा ताई माझ्या बीडच्या घरी जेवायला बसली होती. सकाळी तिचे डोळे तपासून आणले होते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यामुळे तिला ताटातले नीट दिसत नव्हते, म्हणून माझी बायको शेजारी बसून तिला भाकरी मोडून देत होती. बापूराव ताईच्या शेताचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. एरवी फोनवर खुशाली विचारण्यातच बराच वेळ घालवणारे. त्या दिवशी त्यांनी नमस्कारही केला नाही. म्हणाले, "संजूदादा, ताईला इचारा, ट्रॅक्टरची दुसरी चावी कुठं असती?" मी फोन कानाला तसाच धरून ताईला विचारले. ती म्हणाली, "देव्हाऱ्यात. बाळकृष्णाच्या मागं. कावून रे?" मी ते फोनवर सांगितले. पलीकडे बापूराव कुणाला तरी ओरडून "देव्हाऱ्यात, देव्हाऱ्यात" म्हणाले आणि फोन बंद झाला. ताईने हातातला घास ताटात ठेवला. "एक चावी त्यांच्या खिशात असती की," ती म्हणाली. "ती काय झाली?"

ती त्यांच्या खिशातच होती. उत्तमदाजी, ताईचे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सीताफळाच्या बागेत ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटरखाली, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या पात्यांच्या जड अवजाराखाली, पडले होते, आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा त्यांच्याबरोबर खाली होता. रोटाव्हेटर उचलायचा तर ट्रॅक्टर सुरू करायला हवा होता. हातांनी उचलायला माणसे नव्हती. दिवाळीनंतर आमच्या भागातली गावे अर्धी होतात. बिऱ्हाडे उसाच्या तोडीला निघून जातात आणि मागे म्हातारी माणसे राहतात. त्या दिवशी बागेत बापूराव, त्यांची सून आणि दाजींचा सालगडी मारुती एवढेच होते. चावी घरून येईपर्यंत त्यांनी पाइप आणि दगड लावून रोटाव्हेटर वीतभर वर केला आणि दाजींना ओढून काढले. चावीची गरज उरली नव्हती… मारुती ती मुठीत घेऊन बांधावर कितीतरी वेळ उभा होता, असे नंतर बापूराव म्हणाले.

उत्तमदाजी चौसाळ्याजवळच्या एका लहान गावचे. घरची जमीन, तिच्यात डोंगराच्या उतरणीला सीताफळाची बाग, अंगावर कायम पांढरा सदरा आणि बोलण्याला आवाज. ताईला पाहायला ते मोटारसायकलवरून आले तेव्हा मी शाळेत होतो. गाडीच्या सीटवर कंपनीचे प्लास्टिक तसेच होते. चहा झाल्यावर माझ्या वडिलांनी विचारले, "गाडी कधी काढली?" दाजी म्हणाले, "झाली की दोन वर्सं." वडील हसले, मग सगळेच हसले, आणि लग्न ठरले. नवेपणा टिकवायची त्यांना हौस होती. घरात रेडिओ आला तर त्याचे खोके माळ्यावर जपून ठेवायचे. वस्तू जुनी झाली हे त्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नसे.

मला बीडला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला त्यांनीच नेले. दैनिकाच्या कार्यालयाबाहेर ते उन्हात गाडीला टेकून उभे राहिले. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "काय इचारलं?"

"बातमी म्हणजे काय, असं विचारलं."

"मग?"

"म्हटलं, जे घडलं ते."

"आन जे घडलं न्हाई ते?"

"ती अफवा."

"मंजी गावात आमी दिसभर जे बोलतो ते समदं अफवाच की बे," असे म्हणून ते इतके मोठ्याने हसले की कार्यालयाच्या खिडकीतून कुणीतरी डोकावले. नोकरी लागली. पुढे मी गावी गेलो की चारचौघांत ते मला "पत्रकार" म्हणत आणि एकटे असलो की "संजू".

ते एकदा सरपंच झाले. त्या काळात त्यांनी वस्तीवर हातपंप बसवला. उद्घाटनाला नारळ फुटला, पाणी आले, फोटो निघाला. पुढच्या उन्हाळ्यात पंप कोरडा पडला आणि पुन्हा त्याला पाणी आले नाही. तो काढून दुसरीकडे बोअर घ्यावा असे सगळ्यांचे म्हणणे होते. दाजींनी तो काढू दिला नाही. दर पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की उरलेला रंग ते स्वतः त्या पंपाला लावत. कुणी टोमणा मारला तर म्हणत, "झरा दमलाय. यील की." नारळ फोडून सुरू केलेली गोष्ट बिघडली असे त्यांना तोंडाने म्हणता येत नसे. इतर बाबतींत व्यवहारी असलेल्या या माणसाची ही एक बाजू आम्ही चेष्टेवारी नेली. ती चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती, हे आता लिहिताना स्पष्ट दिसते.

ट्रॅक्टर घरात आला तो गेल्या पावसाळ्यात. लहान ट्रॅक्टर, बागेत दोन ओळींमधून फांद्या न मोडता जाणारा. मोठा ट्रॅक्टर बागेत शिरत नसे आणि बैल त्यांनी विकून टाकले होते. सीटवरचे प्लास्टिक अर्थातच निघाले नाही. कंपनीच्या माणसाने गाडी ताब्यात देताना तेल तपासायचे कसे ते दाखवले होते आणि दाजींनी ते पूजेच्या विधीसारखे उचलले. सकाळी अंघोळ झाली की गाडी सुरू करण्याआधी ती सपाट जागेवर आहे ना हे पाहायचे. मग इंजिनाच्या बाजूची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून काढायची, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहायचे. त्यानंतर मागे जाऊन दुसरी पट्टी. या ट्रॅक्टरमध्ये गिअरला, ब्रेकला आणि मागची अवजारे उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टला एकच तेल असते. ती पट्टी त्या तेलाची. शेवटी इंजिनाच्या तेलाचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून तो कसा पसरतो ते पाहायचे. त्यासाठी ते माझी बातमी असलेले पान मुद्दाम निवडत आणि मला फोन करून सांगत, "पत्रकार, आज तुमच्या बातमीत लई तेल मुरलं."

आता कपिलधारची, म्हणजे बीडजवळच्या डोंगरातल्या धबधब्याच्या देवस्थानाची गोष्ट. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. जे लिहितो आहे ते ताईने, बापूरावांनी आणि मारुतीने वेगवेगळे सांगितलेले आणि एकमेकांशी जुळणारे आहे. दाजींच्या घराण्यात नवी बैलजोडी आणली की जू मानेवर ठेवण्याआधी तिला कपिलधारला न्यायची रीत होती. धबधब्याचे पाणी खाली ज्या ओढ्यातून वाहत जाते, त्यात बैल उभे करायचे, धुवायचे, वाटेने तापलेली जनावरे पोटापर्यंत पाण्यात निवांत गार होऊ द्यायची आणि मग देवाला जाऊन यायचे. दाजींच्या आजोबांनी हे केले, वडिलांनी केले. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला तेव्हा रीत मोडायचे दाजींच्या मनात आले नाही. श्रावणातल्या एका सोमवारी ते भर दुपारी ट्रॅक्टर चालवत कपिलधारला गेले. मागून टेम्पोत भावकी, शेजारी, पुरणपोळीचे डबे. घाट चढून आलेली गाडी तापलेली होती. तशीच ती त्यांनी ओढ्यात घातली, मागची चाके अर्धी बुडेपर्यंत, आणि इंजिन बंद केले. बैलांना केले तेच. "दमलीय, जरा गार होऊ द्या," असे ते म्हणाल्याचे ताईला आठवते. पूजा झाली, आरती झाली, लोकांनी कळशांनी पाणी ओतून गाडी न्हाऊ घातली. कुणाला घाई नव्हती. गाडी बराच वेळ पाण्यात उभी होती.

बैल आणि लोखंड यांत फरक असा की तापलेले लोखंडी खोके थंड पाण्यात उभे केले की त्याच्या आतली हवा आक्रसते आणि ते जिथून मिळेल तिथून बाहेरचे आत ओढते. हवा येण्याजाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून, सीलच्या कडेतून. बाहेर त्या दिवशी पाणी होते. हे मला नंतर मेकॅनिकने सांगितले आणि आणखी दोन जाणकारांकडून मी त्याची खात्री करून घेतली.

यानंतर काही दिवसांनी दाजींचा मला फोन आला तो मात्र दुसऱ्याच तेलाबद्दल. इंजिनाचे तेल काळे पडले होते. "नव्या गाडीचं तेल एवढ्यात काळं? फसवलं बे मला," ते म्हणत होते. मी बातमी द्यावी अशी त्यांची मागणी होती. मी कंपनीच्या मेकॅनिकला विचारले. अजीम नावाचा तो शांत माणूस म्हणाला की इंजिनातली काजळी तेल आपल्या अंगावर घेते. काळे होणे हेच त्याचे काम, काळजीचे कारण नाही. दाजींना ते पटले नाही. त्यांनी पहिल्या सर्व्हिसची वाट न पाहता तेल बदलून घेतले. काळे ते वाईट, असे त्यांच्या मनाने धरले होते.

त्याच सुमारास मागच्या पट्टीवरचे तेल पांढरट होऊ लागले होते. ते पहिल्यांदा पाहिले ताईने. दाजी पट्टी फडक्याला पुसत असताना ती अंगण झाडत होती. वाकून म्हणाली, "अवो, हे तर ताकासारखं दिसतंय."

"दुधासारखं म्हण," दाजी म्हणाले.

"दूध असं फेसाळत न्हाई. ह्यात पाणी गेलंय."

दाजींनी पट्टी आत घातली. "पाणी कुठनं यील? तू तुझं ताक घुसळ."

ताई सांगते, त्यानंतर त्यांनी तिच्यासमोर ती पट्टी काढली नाही. सकाळची अंघोळ लवकर उरकू लागले. इंजिनाची पट्टी सर्वांसमोर आणि मागची कुणी आसपास नसताना. फडकेही दोन झाले.

पहिल्या सर्व्हिसला अजीम गावात आला तेव्हा अंगणात माणसे जमली होती. गावात नव्या यंत्राची सर्व्हिस हा अजूनही पाहण्याचा प्रसंग असतो. अजीमने मागची पट्टी काढली, बोटावर तेल घेतले, अंगठ्याने चोळले आणि विचारले, "साहेब, गाडी पाण्यात गेलती का कधी?"

अंगणात जी माणसे होती त्यांतली बहुतेक कपिलधारला जाऊन पुरणपोळी खाऊन आलेली होती. दाजी म्हणाले, "न्हाई."

"पुरात, ओढ्यात, कुठं?"

"न्हाई म्हणलं ना."

बापूरावांनी मला हा प्रसंग सांगितला तेव्हा ते मान वर करत नव्हते. "आमी समदे गप," ते म्हणाले. "पाणी गेलतं म्हणायचं मंजी काय म्हणायचं, संजूदादा? तीर्थानं गाडी नासली म्हणायचं? आन ते बी उत्तमच्या दारात, चार माणसांत? कुणाची जीभ वळाली न्हाई." मारुतीने जमिनीकडे पाहिले. ताई आत गेली. अजीमने सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. मग तो म्हणाला की पाणी गेले नसेल तर दमटपणा धरला असेल. आता लिहून काही देत नाही, पण पुढच्या सर्व्हिसला हे तेल पूर्ण काढू. आणि जाताना एक गोष्ट त्याने दोनदा बजावली. तोवर लिफ्ट वर उचलून तिच्या भरवशावर कुणी खाली जायचे नाही. रोटाव्हेटर खाली टेकवायचा, नाहीतर ओंडका लावायचा.

पुढची सर्व्हिस इंजिन ठराविक तास चालल्यावर होती. ते तास ट्रॅक्टरच्या मीटरवर दिसतात. इथून पुढे दाजींचे सगळे लक्ष त्या मीटरवर गेले. मीटरचा आकडा भरला की अजीम येणार, नेमाप्रमाणे तेल काढणार, नवे घालणार. कुणाला काही विचारावे लागणार नाही, कुणाला काही सांगावे लागणार नाही. ही त्यांची योजना. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण वागण्यातून ती दिसत होती. सीताफळाची तोड झाल्याबरोबर त्यांनी बागेत रोटाव्हेटर घातला. एकदा मारलेल्या ओळींतून पुन्हा मारला. शेजाऱ्यांची राने न मागता करून दिली. चौसाळ्याला चहा प्यायला ट्रॅक्टरवर जाऊ लागले. मारुती एकदा म्हणाला, "मालक, हे रान तर कालच झालंय की." दाजी म्हणाले, "मंग आज आनखी मऊ हुईल. गप बस."

या काळात ट्रॅक्टर बोलू लागला होता. बापूरावांच्या भाषेत तो कण्हत होता. लिफ्ट उचलताना मागून गुरगुर यायची. सकाळच्या थंडीत रोटाव्हेटर वर जायला वेळ लावायचा आणि हिसके देत जायचा. संध्याकाळी उचलून ठेवला तर सकाळी तो जमिनीवर टेकलेला असायचा. मग दाजी तो स्वतःच खाली टेकवून घरी येऊ लागले, म्हणजे तो रात्रीतून उतरला हे सकाळी कुणाला दिसायला नको.

माझी आणि त्यांची शेवटची भेट दिवाळीत झाली. भाऊबीजेला मी गेलो होतो. जेवण झाल्यावर ते मला बाग दाखवायला घेऊन गेले. झाडांची पाने पिवळी पडून गळत होती आणि वस्तीवर तोडीला जाणाऱ्यांची सामानाची बांधाबांध चालू होती. ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी उभा होता, रोटाव्हेटर उचललेला. आम्ही बोलत उभे होतो आणि माझ्या लक्षात आले की रोटाव्हेटर खाली येतो आहे. आवाज नव्हता. नजर हलवून पुन्हा पाहावे तेव्हा तो मघापेक्षा खाली असे.

"दाजी, हे उतरतंय."

"दमलीय. बसती," ते म्हणाले. "तुझ्या ताईसारखी. दिसली जागा की बसती."

मी हसलो नाही. तेवढ्यात मारुती कोयता घेऊन रोटाव्हेटरपाशी वाकला. पात्यांना गवत गुंडाळले होते. दाजी एरवी ज्या चालीने चालत त्या चालीने नाही, धावत गेले आणि त्याला कॉलरला धरून मागे ओढले. मारुती पाठीवर पडला. "मरायचंय का बे?" दाजींचा आवाज चिरकला होता. "किती येळा सांगितलं, ह्याच्याखाली कुणी हात घालायचा न्हाई. काय अडकलं तर मला हाक मारायची. मला! कळलं का?" मग त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि मारुतीच्या पाठीची माती स्वतःच्या हाताने झटकली.

परत येताना मी विचारले, "आत पाणी गेलंय का?"

ते चालत राहिले. मग म्हणाले, "संजू, माझ्या बापानं तिथं बैल धुतले. आज्यानं धुतले. एक बैल कधी लंगडला न्हाई." पुढे चार पावले जाऊन पुन्हा म्हणाले, "थोडेच तास राहिलेत. अजीम आला की बदलून टाकतो. कुणाला काय कळत न्हाई." मी म्हणालो, आत्ताच बोलावू या, मी फोन करतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही बातमी छापू नका, पत्रकार." ते हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता.

ताई डोळे तपासायला बीडला माझ्याकडे आली होती त्या दिवशी सकाळी दाजी बागेत होते. ठिबकच्या नळ्या ओळीच्या कडेला गुंडाळून ठेवल्या होत्या, पण गवतात एक तुकडा राहिला होता. तो रोटाव्हेटरच्या पात्यांना गुरफटला. मारुती बांधावर होता. त्याने नियमाप्रमाणे हाक मारली आणि जवळ यायला निघाला. दाजींनी त्याला हात दाखवून लांबच थांबवले. इंजिन बंद केले, चावी खिशात टाकली, रोटाव्हेटर उचललेलाच ठेवला, कारण टेकवला असता तर नळीपर्यंत हात पोहोचला नसता. ओंडका पलीकडच्या ओळीत होता. मारुती म्हणाला, "मालक, ओंडका आणतो." दाजी म्हणाले, "दोन घाव घालायचेत. तू तिथंच उभा राहा." ते खुरपे घेऊन खाली सरकले. मारुती सांगतो की रोटाव्हेटर नेहमीसारखा हळू आला नाही. या वेळी तो एकदम आला.

त्या घटनेची नोंद पोलिसांत अपघात अशी आहे आणि ती बरोबर आहे. उचललेल्या अवजाराखाली टेकू न लावता जाणे चुकीचेच, तेल चांगले असते तरीही. लिफ्ट नेमकी कशामुळे सुटली हे कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. दाजींनी मारुतीला कधी त्या रोटाव्हेटरखाली जाऊ दिले नाही. बापूरावांच्या रानात गेले तरी त्यांच्या सुनेला मागे उभे राहू दिले नाही. चावी सदैव स्वतःच्या खिशात. आमच्यापैकी प्रत्येकाला ते "काही नाही" म्हणत आले, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला त्या "काही नाही"पासून लांब ठेवत आले. त्यांना ठाऊक होते. जे तोंडाने म्हणता येत नव्हते, त्याच्याखाली ते दुसऱ्या कुणाला जाऊ देत नव्हते.

तेराव्यानंतर ट्रॅक्टरचे काय करायचे असा विषय निघाला. विकून टाका, असे भावकीचे म्हणणे पडले. नंतर ताईने मला अजीमला बोलवायला सांगितले. तो आला तेव्हा अंगणात पुन्हा तीच माणसे होती, तोडीला गेलेली वगळता. अजीमने मागची पट्टी काढली, पाहिली आणि कुणाकडे न बघता पुन्हा तोच प्रश्न विचारला. बहुधा कामाची सवय म्हणून. "गाडी पाण्यात गेलती का?"

बापूराव खाकरले. ताई ओट्यावरून उठून ट्रॅक्टरपाशी आली.

"गेलती," ती म्हणाली. "कपिलधारला. वढ्यात उभी केली, तापलेली. आमी समदे होतो."

अजीमने मान हलवली आणि खालचा बोल्ट सैल केला. तेल आले ते पिठल्याच्या रंगाचे, दाट. ते त्याने आतले दिसेल अशा पांढरट प्लास्टिकच्या कॅनमध्ये धरले. लिफ्टच्या व्हॉल्व्हवर गंजाचे ठिपके होते, ते त्याने ताईला बोट लावून दाखवले. नवे तेल भरले, लिफ्ट चार वेळा वर-खाली केली, उचललेली सोडून तासभर तिच्याकडे पाहत बसला. ती हलली नाही. जाताना कॅनकडे बोट करून म्हणाला, "हे विहिरीपासून लांब टाका, काकू. बांधाच्या पल्याड."

ताईने कॅनला हात लावला नाही. मारुती उचलायला गेला तर म्हणाली, "थांब." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारले, "संजू, ह्यात तीर्थ हाय ना रे? पायदळी कसं टाकायचं?" बापूराव म्हणाले, झाडाला घाला; मग स्वतःच म्हणाले, झाड जळंल. ओढ्यात सोडा म्हणावे तर ओढा त्याच पाण्याचा. ताई म्हणाली, "आन त्यानंच त्यांना…"

कॅन शेडमध्ये आहे, ट्रॅक्टरच्या मागे, भिंतीला टेकवून. परवा मी गेलो तेव्हा पाहिला. मिसळलेले आता वेगळे झाले आहे. वर पिवळसर तेल, खाली बोटभर पाणी, मध्ये एक सरळ पांढरी रेघ. मी पाहत असताना मारुतीने ट्रॅक्टर सुरू केला. शेडचा पत्रा थरथरला, कॅनमधली रेघ हलली, वाकडी झाली आणि खालचे पाणी गढूळ होत वर चढू लागले. ताई दारात उभी होती. तीही तिकडेच पाहत होती. ट्रॅक्टर बागेकडे निघून गेला, आवाज लांब गेला, तरी आम्ही दोघे ती रेघ पुन्हा सरळ होईपर्यंत तिथून हललो नाही.